नांव आणि पाटी

मत बदलणाऱ्या माणसास विचारी म्हणावें कीं चंचल म्हणावें, हा वाद जुना आहे, आणि तो बहुधा ज्याच्या त्याच्या सोयीप्रमाणें सुटतो. जो आपल्या पक्षांत येतो त्याचे डोळे उघडलेले असतात; जो आपला पक्ष सोडून जातो तो फितूर ठरतो. राजकारणांत व धर्मांत या प्रश्नाची चर्चा पुष्कळ झाली आहे. कलेच्या प्रांतांत मात्र तो निराळ्या रूपानें पुढें येतो, आणि तेथें त्याचा निकाल लावणें अधिक कठीण जातें. कवीनें, चित्रकारानें किंवा गायकानें आपली रीत बदलली तर त्यानें कोणाचें नुकसान केलें? त्यानें कोणतीहि शपथ घेतलेली नसते, कोणताहि करार लिहून दिलेला नसतो. तरीहि ज्यांनीं त्याच्या पहिल्या रीतीवर जीव लावला त्यांस आपली फसवणूक झाली असें मनापासून वाटतें. हें वाटणें केवळ हट्ट आहे कीं त्यांत कांहीं न्यायहि आहे, एवढाच प्रश्न आम्ही या लेखापुरता घेतला आहे.

विचाराच्या सोयीसाठीं उदाहरण दूरचें घेतों. जवळच्या गवयांचीं नांवें निघालीं कीं वाचकांचे पक्ष आधींच ठरलेले असतात, आणि मग तत्त्व बाजूला राहून माणसांचीं उणींदुणीं तेवढीं निघतात. नॉर्वेच्या ओस्लो शहरीं १९९३ सालीं स्थापन झालेल्या ‘उल्वर’ नांवाच्या बँडविषयीं आमच्या बहुतेक वाचकांस रागहि नाहीं आणि लोभहि नाहीं. ‘उल्वर’ म्हणजे लांडगे. हा बँड ज्या वर्तुळांत जन्मला त्यास भूमिगत म्हणत. या शब्दावरून कोणी पोलिसांना चुकवीत फिरणाऱ्या क्रांतिकारकांची कल्पना करूं नये. नभोवाणी, मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपन्या आणि वर्तमानपत्रें यांच्या प्रकाशाबाहेर, हातोहात फिरणाऱ्या कॅसेटी, टपालानें चालणारी देवघेव आणि हौसेनें काढलेलीं छोटीं नियतकालिकें यांच्या आधारानें जगणारें जें संगीत, तें भूमिगत.

त्या वर्तुळाचें संगीत ‘ब्लॅक मेटल’ या नांवानें ओळखलें जातें. नांव मूळचें इंग्लंडमधलें. न्यूकॅसलच्या ‘व्हेनम’ या बँडनें १९८२ सालीं त्या नांवाची ध्वनिमुद्रिका काढली. परंतु त्या संगीताची जी घडण पुढें जगभर प्रमाण मानली गेली ती मुख्यतः नॉर्वेंतल्या तरुणांनीं १९९० नंतरच्या थोड्या वर्षांत सिद्ध केली. विद्युत्-गिटारींचा अखंड करकरणारा पडदा, ढोलांचा उसंत न घेणारा वेग, गाण्याच्या जागीं किंकाळी, मुद्दाम खरबरीत ठेवलेलें ध्वनिमुद्रण, आणि चेहऱ्यांवर प्रेतकळा आणणारा काळा-पांढरा रंग, हीं त्याचीं बाह्य लक्षणें. अंधार, थंडी, अरण्य, सैतान व ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वींचे देव हे त्याचे विषय. या इतिहासाला गुन्ह्यांचा डाग आहे, आणि तो झांकून ठेवणें योग्य नव्हे. १९९२ च्या जूनमध्यें बर्गन शहराजवळचें फांटॉफ्टचें प्राचीन लांकडी चर्च जाळण्यांत आलें, आणि त्यामागोमाग आणखी चर्चे जळालीं. १९९३ च्या ऑगस्टमध्यें ‘मेहेम’ या बँडच्या गिटारवादकाचा ओस्लो येथें खून झाला, आणि खून करणाराहि त्याच वर्तुळांतला एक वादक होता.

या मंडळींचा आवडता शब्द ‘खरा’ हा होता. अमका बँड खरा, तमका खोटा. अमक्यानें ध्वनिमुद्रण स्वच्छ केलें म्हणून तो बाटला. तमक्यास मोठा श्रोतृवर्ग मिळाला म्हणून तो विकला गेला, असे निवाडे तेथें नित्य होत. सर्व प्रस्थापित सत्तेविरुद्ध बंड म्हणून जें निघालें त्यानें पांचसहा वर्षांत आपलें स्वतःचें धर्मपीठ उभारलें, आपले ग्रंथ ठरविले आणि आपले पाखंडीहि शोधून काढले. बंडखोरांना आज्ञाधारक अनुयायी हवेसे वाटावे, यांत नवल नाहीं. इतिहासांत हें वारंवार झालें आहे. आमच्या प्रश्नाला मात्र याहून चोख कसोटी मिळणार नाहीं. जेथें इमान हेंच ब्रीद होतें, अशा ठिकाणीं हा बँड बदलला.

प्रथम त्यानें काय केलें तें पाहूं. १९९५ सालीं ‘बर्गतात’ ही त्याची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली. डोंगरांतल्या अमानुष योनींनीं भुलवून नेलेल्या एका मुलीची कथा तींत पांच प्रकरणांत, जुन्या वळणाच्या भाषेंत सांगितली आहे. पुढच्याच वर्षीं ‘क्वेल्सांगेर’, म्हणजे सांजगीतें. येथें किंकाळी नाहीं आणि विद्युत्-गिटारींचा गोंगाटहि नाहीं. साध्या गिटारी आणि प्रार्थनेच्या ढंगाचे मंद समूहस्वर आहेत. १९९७ सालीं ‘नात्तेन्स मद्रिगाल’ आली, ती माणसांतल्या लांडग्याचीं आठ स्तोत्रें घेऊन, आणि इतक्या कर्कश ध्वनींत कीं पुष्कळ सवयीच्या कानांनाहि ती सोसवेना. या तीन कृतींनीं बँडचें आसन त्या धर्मपीठांत पक्कें झालें.

आणि मग १९९८ सालीं बँडनें विल्यम ब्लेक या इंग्रज कवीचा ‘स्वर्ग आणि नरक यांचा विवाह’ हा ग्रंथ समग्र घेऊन त्यावर दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका केली. तींत यंत्रजन्य ध्वनि होते, निवेदन होतें, अनेक जातींच्या संगीताचें मिश्रण होतें. अरण्य आणि बर्फ नव्हतें. १९९९ सालीं ‘मेटॅमॉर्फसिस’ म्हणजे ‘रूपांतर’ या नांवाची छोटी ध्वनिमुद्रिका निघाली, आणि तिच्यासोबत एक निवेदन छापलें गेलें. आपली गणना ब्लॅक मेटलमध्यें करूं नये; पूर्वींच्या कृतींचा त्या संगीताशीं संबंध होता हें मान्य आहे, पण त्या पायऱ्या होत्या, मुक्काम नव्हे, असा त्याचा आशय होता. २००० सालच्या ‘पर्डिशन सिटी’मध्यें मोठ्या शहराची रात्र आहे, सॅक्सोफोन आहे, आणि उपशीर्षक असें कीं हें अंतर्मनांतल्या चित्रपटाचें संगीत आहे. २००७ सालीं अत्यंत संथ व विषण्ण अशी ‘शॅडोज ऑफ द सन’. २०१२ सालीं उत्तर नॉर्वेंतल्या ट्रॉम्सो येथें तेथील तंतुवाद्यवृंदाबरोबर केलेला प्रयोग. आणि २०१७ सालीं ज्युलियस सीझरच्या वधाचें नांव धारण करणारी, पण नाचाच्या ठेक्यावर चालणाऱ्या सुबक गोड गीतांची ध्वनिमुद्रिका. १९९५ चा श्रोता आणि २०१७ चा श्रोता एका खोलींत बसविले तर आपण एकाच बँडविषयीं बोलत आहों हें त्यांस कळावयास बराच वेळ लागेल.

आतां फिर्यादीची बाजू तिच्या पूर्ण जोरानें मांडली पाहिजे. सतरा वर्षांचा एक मुलगा आहे. घरीं त्याचें कोणाशीं जमत नाहीं, शाळेंत त्यास मित्र नाहींत. त्याच्या हातीं एक कॅसेट येते आणि आपल्या मनांतला अंधार कोणीतरी जाणतो असें त्यास प्रथमच वाटतें. तो त्या संगीतासाठीं पैसे साठवितो, टपालाची वाट पाहतो, थट्टा सोसतो. त्याचें सारें तारुण्य त्या सुरांना बांधलें जातें. आणि एक दिवस तेंच नांव धारण करणारी नवी तबकडी तो लावतो, तों तींत त्याच्या ओळखीचें कांहींच नसतें. त्यास वाटतें, आपण ज्यांच्यासह रात्र काढली ते पहाटे न सांगतां निघून गेले. या दुःखाला हंसणें हें दुसऱ्याच्या भक्तीला हंसण्याइतकेंच अनुदार आहे.

यावर एक उत्तर नेहमींचें आहे. कलावंत स्वतंत्र आहे, त्यानें अंतःप्रेरणेवांचून कोणाचेंहि ऐकूं नये, श्रोत्यांनीं मिळेल तें घ्यावें किंवा निघून जावें. हें उत्तर आम्हांस फार स्वस्त वाटतें. जो लोकांपुढें येतो आणि आपल्या नांवावर त्यांचा वेळ, पैसा व प्रेम स्वीकारतो, तो कांहींएक देणें लागतोच. घेतांना समाजांत राहावयाचें आणि द्यावयाची वेळ आली कीं अंतःप्रेरणेच्या गुहेंत शिरावयाचें, ही रीत सज्जनाची नव्हे. देणें आहे हें आम्ही मान्य करतों. तें देणें कशाचें, एवढेंच ठरवावयाचें आहे.

फिर्यादीचा सर्वांत तीक्ष्ण मुद्दा असा आहे कीं, बदलावयाचें होतें तर नांवहि बदलावयाचें होतें. जुन्या नांवावर नवा माल कां? येथें आम्हांस दोन गोष्टी वेगळ्या करणें अवश्य वाटतें. दुकानावर पाटी असते, आणि माणसास नांव असतें. हलवायाच्या पाटीखालीं जर कोणी चपला विकूं लागला तर गिऱ्हाइकाची तक्रार रास्त आहे, कारण पाटी वस्तूची हमी देते. नांवाचें तसें नाहीं. बारशाच्या दिवशीं ठेवलेलें नांव मूल पुढें काय होईल याची हमी देत नाहीं. या माणसानें जें केलें त्याचा जाब विचारला असतां हाच माणूस ओ देईल, एवढेंच तें सांगतें. पाटीचें इमान सारखेपणांत आहे, नांवाचें इमान उत्तरदायित्वांत आहे.

कलावंताचें नांव आरंभीं नांवच असतें. यश मिळालें कीं त्याची पाटी होऊं लागते. व्यापारी तशी ती करतो, हें सर्वांस ठाऊक आहे. एका विशिष्ट चवीचा माल त्या पाटीखालीं खपतो हें एकदां कळलें कीं दुसरी चव त्यास नको असते. परंतु या उदाहरणांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, बाजाराचा तिरस्कार करणाऱ्या भक्तांनींहि नेमकी तीच मागणी केली. कालचाच माल आज हवा, उद्यांहि तोच हवा, आणि त्यांत कसर नको. गिऱ्हाइकाची वृत्ति शुद्धतेचें वस्त्र पांघरून आली म्हणून ती निष्ठा होत नाहीं.

शिवाय ज्या शुद्धतेच्या नांवानें ही मागणी झाली तिचा उगम पाहावा. ‘डार्कथ्रोन’ हा नॉर्वेचाच बँड त्या पंथांत आदर्श मानला जातो. त्याची १९९१ सालची पहिली ध्वनिमुद्रिका ‘डेथ मेटल’ या वेगळ्या शैलीची होती. १९९२ सालीं त्यानें ती शैली टाकून दिली आणि दुसरी ध्वनिमुद्रिका ब्लॅक मेटलची केली. तीच पुढें पंथाच्या मूळ ग्रंथांत गणली गेली. म्हणजे ज्या कृतीला सनातन मानून इतरांना बाटगे ठरविलें, ती कृतिच एका शैलीबदलांतून जन्मली होती. त्या वर्षीं त्या बँडनें आपल्या पहिल्या श्रोत्यांशीं ‘इमान’ राखलें असतें, तर इमान राखण्याजोगें हें संगीतच निर्माण झालें नसतें. घराण्यांच्या शिस्तींत वाढलेल्या आपल्या श्रोत्यांसहि ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. प्रत्येक परंपरेच्या मुळाशीं कोणीतरी परंपरा मोडणारा बसलेला असतो.

यावर तत्त्वज्ञ असें विचारील कीं, सर्वच बदललें तर ‘तोच’ कोणास म्हणावें? मिलिंद राजानें भदंत नागसेनास याच जातीचा प्रश्न विचारला होता, तेव्हां नागसेनानें दिव्याचें उदाहरण दिलें. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरींची ज्योत आणि शेवटच्या प्रहरींची ज्योत एकच नव्हे. पण दिवा एकच, आणि पहिल्या ज्योतीवांचून शेवटची संभवत नाहीं. या दृष्टीनें ‘उल्वर’चें काम पुन्हा ऐकलें असतां कांहीं धागे हातीं लागतात. क्रिस्तोफर रिग हा गायक आरंभापासून त्यांत आहे, आणि ‘बर्गतात’मध्येंच किंकाळीच्या शेजारीं त्याचा मऊ, एकावर एक थर चढविलेला गाता आवाज ऐकूं येतो. तो आवाज सांजगीतांत एकटा उरला, आणि पुढच्या सर्व वेषांतरांत तोच ओळखीचा राहिला. रात्रहि तशीच. प्रथम अरण्याची, मग शहराची, मग वृद्ध होत चाललेल्या मनाची. ज्यास पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत फक्त गर्जना ऐकूं आली त्यानें अर्धीच ध्वनिमुद्रिका ऐकली होती. त्या निवेदनांत शेवटीं, श्रोत्यांना आपण पूर्वींहि अनोळखी होतों आणि आजहि आहों, अशा अर्थाचें एक वाक्य होतें. तें उद्धट वाटतें खरें, पण त्यांत तथ्य आहे. आपल्या आवडीचा जो भाग दुसऱ्यांत दिसतो त्यासच आपण तो माणूस समजतों.

मग कलावंताचें देणें कोणतें? आमच्या मतें तें तिहेरी आहे. पहिलें, बदल झाला असेल तर तो उघड सांगणें. दुसरें, जुन्या कृतीशीं नातें न नाकारणें. काल ज्यांनीं तिच्यावर प्रेम केलें त्यांस मूर्ख न ठरविणें. तिसरें, नव्या मालास जुना वास लावून न विकणें. या तिन्ही कसोट्यांवर हा बँड बहुतांशीं उतरतो. त्यानें निवेदन केलें आणि त्या निवेदनांत पूर्वींच्या आपल्या प्रेरणांचा अभिमानहि व्यक्त केला. पण बहुतांशींच, सर्वांशीं नव्हे. बदल १९९८ चा, आणि निवेदन १९९९ चें. लांडग्यांचें आणखी एक स्तोत्र समजून ज्यानें ब्लेकची तबकडी पैसे देऊन घेतली त्याची तक्रार आम्ही उडवून लावीत नाहीं. श्रोत्याचें मात्र सर्वस्व गेलें असें म्हणतां येत नाहीं. जुन्या तबकड्या कोणी परत मागितल्या नाहींत. १९९३ ते १९९७ या काळांतलें काम २०१४ सालीं संचरूपानें पुन्हा प्रसिद्धहि झालें. जो सूर त्या मुलाच्या सोबतीस आला होता तो जसाच्या तसा त्याच्यापाशीं आहे. त्यानें गमावली ती फक्त अशी आशा कीं, तो सूर निर्माण करणारीं माणसें जन्मभर त्याच वयाचीं राहतील.

एक आक्षेप अद्याप उरतो, आणि तो टाळतां येणार नाहीं. प्रत्येक बदलास ‘विकास’ म्हटलें तर लोभासहि तेंच नांव घेतां येईल. खरा बदल आणि बाजारी बदल ओळखावा कसा? कोणी म्हणतील, ज्यांत तोटा सोसला तो खरा. तसें मानलें तर १९९८ चा बदल खरा ठरतो, कारण तयार झालेला श्रोतृवर्ग दुखावून तो केला गेला, आणि रिगनें स्वतः काढलेल्या छोट्या प्रकाशनसंस्थेच्या वतीनें तो लोकांपुढें आला. पण २०१७ चा संशयास्पद ठरतो, कारण गोड गीतांना गिऱ्हाइक सर्वत्र असतें. आम्हांस ही कसोटी पुरेशी वाटत नाहीं. कर्कशपणा हा प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे आणि माधुर्य हा लोभाचा पुरावा नव्हे. दुसऱ्याच्या हेतूंत शिरण्याचें साधन आपल्यापाशीं नाहीं. कृति मात्र समोर असते. त्या २०१७ च्या एका गीतांत नीरोच्या काळचें जळणारें रोम आणि १९९७ सालीं पॅरिसमध्यें अपघातांत मरण पावलेली राजकन्या डायना यांची सांगड घातली आहे. नाचाच्या ठेक्यावर असला विषय घेणाऱ्यानें केवळ गल्ल्याकडे पाहिलें असें म्हणवत नाहीं. रूप बदलूनहि कृतीला स्वतःचा प्रश्न आहे कीं नाहीं, एवढेंच श्रोत्यानें पाहावें; आणि ती कृति टाकाऊ वाटली तर टाकाऊ म्हणावें, फितुरी म्हणूं नये. हे दोन आरोप भिन्न आहेत. पहिला रसिकाचा अधिकार आहे. दुसऱ्यास पुरावा लागतो.

न बदलणें हा दोष आहे असेंहि कोणी यांतून काढूं नये. एकाच रागांत आयुष्य घालवून ज्यास तो राग रोज नवा दिसतो, त्याची स्थिरता ही खोली आहे. त्याज्य आहे ती भीतीची स्थिरता, म्हणजे लोक दुरावतील म्हणून काल जें मनापासून केलें त्याची आज नक्कल करणें. बदलण्यांत आणि न बदलण्यांत सारखेंच सत्य असूं शकतें व सारखेंच असत्यहि.

हा प्रश्न नॉर्वेच्या वादकांपुरता असता तर आम्ही त्यास इतकी जागा दिली नसती. तो प्रत्येक घरांत आहे. कॉलेजांतून परत आलेला मुलगा पूर्वींसारखा राहिला नाहीं म्हणून बाप झुरतो. वीस वर्षांच्या संसारानंतर पत्नीस स्वतःची निराळी आवड सुचली म्हणून पति दुखावतो. जुना मित्र आतां जुन्या गोष्टींवर हंसत नाहीं म्हणून आपण त्यास गर्विष्ठ म्हणतों. या सर्व ठिकाणीं दुःख खरें असतें, आणि तें व्यक्त करण्याचा अधिकारहि असतो. परंतु आपल्या माणसांना आपण नांवानें हांक मारतों, आणि त्या नांवाखालीं पाटी लावून ठेवतों. ती पाटी आपणच रंगविलेली असते. दुसऱ्यानें आपणांशीं उघडपणें वागावें, मागचें नातें नाकारूं नये आणि विचारलें असतां ओ द्यावी, इतकें मागण्याचा हक्क प्रेमास आहे. तो जन्मभर तसाच राहावा असें मागण्याचा हक्क त्यास नाहीं. आणि तो मागतांना आपण स्वतः तरी तेच राहिलों आहों काय, हेंहि पाहिलेलें बरें.